बिनकडीची दारं

भंडाऱ्यातल्या पितळी भांडी घडवणाऱ्यांच्या मोहल्ल्यात आठ घरांची एक ओळ होती. त्या ओळीतल्या पाचव्या घरात मी लग्न होऊन आले, आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यात. ओळ म्हणजे खरोखरची ओळ. दोन घरांत मिळून एक भिंत, आणि आठही घरांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सागवानी आढं. पहिल्या घरावर माकडानं उडी मारली की आठव्या घराच्या वरणात माती पडायची. आठ चुलतभावांच्या आज्यानं ती ओळ बांधली असं सांगत. त्यानं नातवांना वेगळी घरं दिली, पण वेगळं काही ठेवलं नाही.

माझे वडील लाखनीला हमरस्त्याला लागून भांड्यांचं दुकान चालवायचे. दुकानामागे दोन खोल्या, चारही बाजूंनी मोकळ्या. रायपूरकडे जाणारे ट्रक बघत मी मोठी झाले आणि मॅट्रिकही झाले. लग्नाआधी मी एकच गोष्ट बोलून घेतली होती, की मला मास्तरीण व्हायचं आहे. डी.एड. भंडाऱ्यातच करता आलं असतं. "शिकू देऊ ना, नाही कोण म्हणते?" सासरे म्हणाले होते. आणि खरंच, शेवटपर्यंत कोणी नाही म्हटलं नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे उगाच कोणी माझ्या सासरच्यांना नावं ठेवू नयेत. नावं ठेवायचीच असतील तर ती मी ठेवीन.

प्रत्येक घर समोरून जेमतेम तीन खाटांच्या रुंदीचं आणि आत लांबच लांब. समोर ओटा, मग भट्टीची खोली, मग माजघर, मग रांधायची खोली, आणि शेवटी सांदवाडी, म्हणजे मागचं अंगण. सांदवाडीची भिंत पुरुषभर उंच. तिच्या पलीकडे बोडी होती, लहानसा तलाव. पाण्यात जाळं पडल्याचा आवाज यायचा, मासे धरणाऱ्यांच्या हाका यायच्या. ती बोडी मी पाहिलेली नव्हती. माजघराला दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे खिडकीचा प्रश्नच नव्हता. छपरात एक काचेचं कवेलू, म्हणजे कौल, बसवलेलं होतं. त्यातून ताटलीएवढं ऊन खाली पडायचं आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचं. किती वाजले ते मी त्यावरून ओळखायला शिकले. कैद्यांनाही बहुतेक हे येत असावं.

समोरच्या दारातून बायांनी जायचं नाही अशी रीत होती. कारण भट्टी. पितळ ओतताना बाई आडवी गेली तर भांड्याला चीर पडते, असा अख्ख्या ओळीचा पक्का समज. भट्टी तर रोजच पेटलेली. अमावस्येला काम बंद असायचं, तेव्हा भट्टीची अडचण नव्हती. पण अमावस्येला घराबाहेर पडायचं नाही, हेही त्याच घरात शिकवलेलं. नवरी तेवढी एकदा समोरून आत यायची. तीही नाकापर्यंत पदर ओढून, आपल्याच पायांकडे बघत.

मग बाया जायच्या कुठून? तर मधल्या दारांतून. प्रत्येक सामाईक भिंतीत, माजघरात, खांद्याइतक्या उंचीचं एक दार होतं. आठ घरांत अशी सात दारं, सगळी एका रेषेत. वाकून एका घरातून दुसऱ्या घरात जायचं, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पहिल्या घराला तेवढं बाजूचं एक दार होतं, ते बोळात उघडायचं. बोळातून पुढे विहीर, बाजार, बसस्टँड, सगळं जग. ओळीसमोरच्या रस्त्यावर मात्र तो बोळ येत नव्हता. या मधल्या दारांना कड्या नव्हत्या. बसवायच्या राहून गेल्या असं नाही. बसवायच्याच नाहीत, असं ठरलेलं होतं.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात लुगडं बदलताना मी चौथ्या घराच्या दाराला एक पाट टेकवून ठेवला. चौथ्या घरातल्या काकी वाटीभर चटणी घेऊन येत होत्या. पाट धाडकन पडला, चटणी सांडली. काकींनी सांडलेली चटणी गोळा केली, पाट उचलून बाजूला ठेवला. पण संध्याकाळपर्यंत आठव्या घरापर्यंत बातमी गेली होती की पाचव्या घरची नवी सून दार लावते. सासूबाईंनी मला जवळ बसवून अगदी मायेनं विचारलं, "काहून वं बाई, तुले आमच्यापासून काय लपवाचं हाय?" मला लपवायचं काहीच नव्हतं. मला फक्त दार लावायचं होतं.

बोळापर्यंत पोचायला मला चार माजघरं ओलांडावी लागायची. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बसलेलं असायचंच, आणि विचारायचंच, "कुठं चालली वं?" दटावून नाही, सहज. पण चार वेळा सहज सांगता सांगता आपण खरंच कशाला निघालो होतो, याचीच लाज वाटायला लागते. आभाळ बघायला निघाले, असं कोणाला सांगणार? मग मी निघणंच कमी केलं.

डी.एड.च्या मुलाखतीचं पत्र आलं ते लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये. अकराची वेळ होती. अध्यापक विद्यालय चालत वीस मिनिटांवर. मी साडेनवालाच तयार झाले. आमचे हे भट्टीच्या खोलीतूनच म्हणाले, "नीट जाजो." मी प्रमाणपत्रं पिशवीत घातली आणि वाकून चौथ्या घरात गेले.

"मस्त दिसून राहिली वं! कुठं चालली?" काकी म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मांडीवरची नात माझ्याकडे दिली. "धर वं इले जरा, चुलीवर दूध उतू जाऊन राहिलं." दूध सांभाळून त्या आल्या, तोवर पोरीनं माझा खांदा ओला केला होता. मग पदर धुणं, वाळवणं. तिसऱ्या घरात जाऊबाईंचं पापडाचं पीठ भिजवून झालेलं आणि लाटणारी कोणी आलेली नाही. "पीठ वाळून जाईन, दोन हात लाव ना. तुले अजून लय वेळ हाय." मी पिशवी खुंटीला टांगून बसले. उठते उठते म्हणत किती लाटले, आठवत नाही. दुसऱ्या घरात तुमसरहून पाहुणी आलेली. पाहुणीच्या पाया न पडता, चहा न घेता पुढे जाणं शक्यच नव्हतं.

पहिल्या घरात मोठ्या आई राहायच्या, ओळीतल्या सगळ्यांत वयस्क. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माही सून मास्तरीण होऊन राहिली!" त्यांनी मला कुंकू लावलं, आणि दही-साखर खाल्ल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाल्या. दही त्यांच्या घरात नव्हतं. दही आठव्या घरात होतं. मग निरोप सात दारांतून तिकडे गेला आणि दही सात दारांतून इकडे आलं. वाटेत प्रत्येक घरात त्या वाटीला थांबवून विचारलं गेलं असणार की हे कोणासाठी, आणि कशासाठी. मी बोळाच्या दाराजवळ उभी होते. दार उघडं होतं. समोर ऊन पडलेलं होतं. मी निघून गेले असते तर कोणी माझा हात धरला नसता. पण मोठ्या आई माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होत्या की माझा पाय उचलेना.

विद्यालयात पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. शिपाई टेबलावरचे कागद गोळा करत होता. "बाई, नावं पुकारून झाली ना," तो म्हणाला. दोनदा पुकारलं म्हणे माझं नाव.

परत येताना तीच चार घरं. "कसं झालं वं?" पहिल्या घरात सांगितलं, दुसऱ्या घरात सांगितलं, तिसऱ्या, चौथ्या. सगळ्या हळहळल्या. कोणालाच आपलं काही चुकलं असं वाटलं नाही, आणि कोणा एकीचं काही चुकलंही नव्हतं. माजघरात येऊन मला रडायचं होतं, तर काकी मागोमाग समजूत घालायला आल्या. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, पुढच्या साली जाजो." पुढच्या साली माझी मुलगी पोटात होती. त्याच्या पुढच्या साली सासरे गेले. मग मी अर्ज करणंच सोडून दिलं. वयाची अट कधी उलटून गेली तेही कळलं नाही. खोटं कशाला सांगू, पुढची कित्येक वर्षं मला त्या बायांचा मनातून राग यायचा, आणि त्यांच्या चटण्या खाताना त्या रागाचीच लाज वाटायची.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. मुलीच्या वेळी माझं पोट भर दुपारी अचानक दुखायला लागलं, तेव्हा यांनी चपला घालायच्या आत सात घरांतल्या बाया माझ्याभोवती होत्या. एकीनं पाणी तापवलं, एकीनं पाठ धरली. सुईण आली ती नंतर. कडी असती तर त्या दिवशी काय झालं असतं, मला माहीत नाही. दारांबद्दल बोलताना हे सांगायलाच हवं. तरीही मला कडी हवीच होती.

पुढे स्टील आलं. लग्नात पाण्यासाठी पितळेचा गुंड, म्हणजे मोठी घागर, द्यायचे ते लोक स्टीलचा डबा द्यायला लागले. एकेका घरातली भट्टी थंडावली, आणि आणीबाणी उठून पाच-सहा वर्षं होतात न होतात तोच आठही घरांत समोरच्या खोलीत राख उरली. हे पोटासाठी एका दुकानात कामाला लागले. चीर पडायला आता भांडंच नव्हतं, पण बायांनी समोरून जायचं नाही हे तसंच राहिलं. का, असं कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. कितीही नाकानं कांदे सोलले तरी मीही त्याच ओळीतली झाले होते.

त्याच सुमारास नागपूरहून वास्तुकला शिकवणारे एक सर आले, चार-पाच विद्यार्थी आणि मोजायची टेप घेऊन. तीन दिवस ते ओळ मोजत होते. आत दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण छापील मराठी बोलणारी ओळीत मीच. "तुम्ही कशात राहता याची तुम्हाला कल्पना आहे का?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मनात म्हटलं, पुरेपूर आहे. ते भारावून सांगत होते. मोठमोठ्या शहरांत अशा जोडघरांच्या ओळी जपून ठेवतात, तिथे माणसं कशी राहिली ते भिंतींवरून वाचता येतं. इथे आठही घरांची तोंडं हुबेहूब, म्हणजे कोणी कोणापेक्षा मोठं दिसायचं नाही असं ठरवून बांधलेली. उन्हाला फक्त पुढची आणि मागची भिंत, म्हणून आत गारवा. आणि मधली दारं पाहून तर ते खालीच बसले. "घरांच्या पोटातून जाणारा अख्खा रस्ता! बायकांचा रस्ता! आणि एकालाही कडी नाही. केवढा विश्वास हा!"

मला संताप आला. त्यांचं चूक नव्हतं, म्हणूनच जास्त आला. त्यांनी वही उघडून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं या दारांबद्दल?" सासूबाई दोन हातांवर तांदूळ निवडत होत्या. पलीकडे चौथ्या घरातल्या बांगड्यांची किणकिण थांबली होती, म्हणजे काकी ऐकत होत्या. मी म्हटलं, "सोयीची आहेत." सरांनी ते लिहून घेतलं.

पुढच्या एक-दोन वर्षांत ओळीत वाटणीची भाषा सुरू झाली. सातव्या घराला घर विकायचं होतं. घेणाऱ्याची अट अशी की मधली दारं विटांनी बुजवून द्यायची. मग बाकीच्यांनाही वाटायला लागलं की बुजवलेलंच बरं, ज्याचं घर त्याच्या ताब्यात. चार घरं तयार, चार नाही. आता मोठ्या आईंच्या थोरल्या मुलाचा, म्हणजे मोठ्या काकांचा शब्द चालायचा. त्यांनी माझ्याकडून सरांना पत्र लिहून घेतलं. "त्या मास्तरचं काय म्हणणं येते ते पाहू," ते म्हणाले, "आज्याची वास्तू हाय, घाई कायले करता बे?"

उत्तर आलं ते दोन पानी. आमच्या माजघरात सगळे पुरुष जमले, बाया दारांच्या पलीकडे. ओळीत टपाल वाचायचं काम माझंच असायचं. मी मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या पानावर ओळीची स्तुती होती. जिल्ह्यात अशी दुसरी ओळ नाही, एका आढ्याखाली आठ संसार, तुमच्या पूर्वजांची दृष्टी, वगैरे. पुरुष सुखावले. वाचता वाचता मी पान उलटलं आणि नजर खाली टाकली. तिथे लिहिलं होतं, कृपा करून ही दारं बुजवू नका. दारं गेली तर सुटी आठ घरं उरतील, ओळ उरणार नाही. दुरुस्तीसाठी लागेल ती मदत मी नगरपालिकेतून मिळवून द्यायचा प्रयत्न करतो. मी स्वतः येतो, तोवर थांबा.

मी पत्राची घडी घातली. "आणि शेवटी सगळ्यांना नमस्कार सांगितला आहे," मी म्हटलं.

"दाराचं काही म्हणते का तो?" मोठ्या काकांनी विचारलं.

"चांगली आहेत म्हणतात."

"चांगली तं हायेतच," ते म्हणाले. "पण बुजवू नका असं तं नाही म्हणत तो. बुजवा मंग."

दुसरं पान मी आजवर कोणाला वाचून दाखवलेलं नाही. विद्यालय माझं केव्हाच गेलं होतं, ते परत मिळणार नव्हतं. मला फक्त एकदा कोणालाही न सांगता घराबाहेर पडून बघायचं होतं. तेवढ्यासाठी मी आठ घरांच्या आज्याची वास्तू मोडायला लावली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पुन्हा वेळ आली तर पूर्ण वाचीन का? नाही वाचणार.

गवंड्यानं तीन दिवसांत सात दारं बुजवली. आमच्याकडची दोन सगळ्यांत शेवटी. शेवटची वीट बसेपर्यंत पलीकडून काकी बोलत होत्या, मग त्यांचा आवाज एकदम तोडल्यासारखा बंद झाला. सासूबाई ओल्या भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. चाळीस-बेचाळीस वर्षं त्यांच्या कानावर दोन्हीकडून आवाज होते. "काहीच आयकू येत नाही वं," त्या मला म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी चटणी वाटली ती नेहमीसारखी तीन घरांना पुरेल एवढी. वाटी हातात घेऊन त्या उठल्या आणि भिंतीपाशी जाऊन थांबल्या. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या लक्षात आलं ते तोवर पुरुषांच्या लक्षातच आलं नव्हतं. वाटण्या झाल्या, भिंती झाल्या, आणि सात घरांतल्या बाया आत कोंडल्या गेल्या. विहिरीला जायचं कुठून? बाजारला जायचं कुठून? समोरच्या खोलीत हे दाढी करत होते. मी बादली घेऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिले. "आता मी कुठून जाऊ?" मी विचारलं. यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या दाराकडे पाहिलं. वस्तरा गालावरच थांबला. "हे तं आमी पायलंच नाही," ते म्हणाले. "जा मंग इकूनच."

मी बादली तिथेच ठेवली. आत जाऊन सासूबाईंना म्हटलं, "चला." त्या नाही नाही म्हणत होत्या. मी त्यांचा हात धरला आणि थंड भट्टीवरून, राखेवरून, ओट्यावरून त्यांना सरळ रस्त्यावर आणलं. लाखनीहून आले त्यानंतर मी इतकी मोकळी कधीच झाले नव्हते. पायऱ्या उतरताना त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. रस्त्यावर त्या पदर पुढे ओढून चालत होत्या, पण हळूहळू पदर मागे सरकला. आम्ही टोकाच्या पिंपळापर्यंत गेलो. सायकली जात होत्या, कोणीही आम्हाला काही विचारलं नाही. पिंपळाखाली त्या थोड्या बसल्या. "बरं वाटते वं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चाल आता, घरी जाऊ."

आम्ही वळलो. समोर आठ ओटे, आठ दारं, आठ छपरं, एका मापाची. सासूबाई थांबल्या. त्या घरात त्यांनी पाच लेकरं वाढवली होती. आतली जमीन कुठे खचली आहे, चुलीमागची भिंत कुठे तापते, हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. त्यांनी एकेका दाराकडे पाहिलं, पुन्हा पहिल्याकडे पाहिलं, आणि लहान मुलीसारखं मला विचारलं, "आपलं कोणतं वं?"

मी बोट उचललं आणि माझंही बोट हवेतच राहिलं. दहा-अकरा वर्षं मी त्या घरात होते, आणि मोजायचं कुठल्या टोकापासून, हेही मला कळेना. मागे सायकलवाला घंटी वाजवत होता. मी जवळच्या टोकापासून पाच मोजले, सासूबाईंचा हात घट्ट धरला, आणि "हेच," म्हणत ओट्यावर चढले. आत एक बाई पाठमोरी बसून भाजी चिरत होती. ते आमचं घर नव्हतं.